दोनशे बारा किलोमीटर

सोमवारी सकाळी कंपनीचा हिशेबनीस टोइंगच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून कामावर आला. मागे साखळीने बांधलेली कंपनीची सातवी गाडी होती. शनिवारी चाचणी नव्हती, म्हणून तीच गाडी पहिल्यांदाच मागून घेऊन तो सासुरवाडीला गेला होता. सासऱ्यांपुढे जरा मिरवावं, एवढाच बिचाऱ्याचा बेत होता. सासरचं घर सात किलोमीटरवर राहिलं आणि गाडी भर रस्त्यात थांबली. सासरेबुवांनी जावयाला न्यायला आपली पंचवीस वर्षांची पेट्रोलची गाडी पाठवली, आणि हे दुःख फाटकापासून शेडपर्यंत येईतो त्याचं तीन जणांना सांगून झालं होतं.

"एकशे अडुसष्टला बंद पडली," तो म्हणाला. "आणि पडद्यावर काय? चव्वेचाळीस किलोमीटर शिल्लक! फोटो काढलाय मी. बघा."

ज्या बाईला तो फोटो दाखवत होता तिला कंपनीत सगळे मोजणीबाई म्हणत. नाव तिच्या धाकट्या भावाने लहानपणी ठेवलेलं. घरातल्या दुधाच्या पातेल्यापासून आईच्या वेणीपर्यंत ती सगळं पट्टी लावून मोजायची म्हणून. पुढे याच भावाने विजेवर चालणाऱ्या गाड्यांची कंपनी काढली आणि मोजायचं काम बहिणीकडे दिलं, तेव्हा ते नाव तिला कायमचं चिकटलं. गाडी किती चालते, किती तापते, किती खाते, सगळं तिच्या वहीत. तिने फोटो पाहिला आणि बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला.

कारण दोनशे बारा हा त्या कंपनीचा जीव होता. एकदा पूर्ण चार्ज केली की सातवी दोनशे बारा किलोमीटर जाते. शेडच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचे आकडे रंगवलेले, पत्रकांवर तोच आकडा, चहाच्या मगांवरही तोच. आणि येत्या गुरुवारी एका मोठ्या रुग्णालयाची माणसं गाडी बघायला येणार होती. घरोघर जाऊन पेशंट बघणाऱ्या नर्सेससाठी त्यांना चाळीस गाड्या हव्या होत्या. अट एकच होती. त्यांची सगळ्यात लांबची फेरी एकशे ऐंशी किलोमीटरची, तेवढं अंतर मध्ये चार्जिंगला न थांबता व्हायला हवं. दोनशे बारातून एकशे ऐंशी गेले तरी बत्तीस उरतात. एकशे अडुसष्टातून काय उरणार, कपाळ?

"याने काहीतरी घोळ घातला असणार," धाकटा म्हणाला. तो धावतच आला होता. गेलं वर्षभर तो कुठेही चालत गेलेला कुणी पाहिला नव्हता. "हँडब्रेक लावून चालवलीस का रे?"

"साहेब, मी हिशेबनीस आहे, गाढव नाही," हिशेबनीस म्हणाला आणि रागारागाने आपल्या टेबलाकडे निघून गेला.

"बॅटरीत दोष असेल, ताई. एखादा सेल मेला असेल. शोध. गुरुवारच्या आत शोध."

शोध म्हणणं सोपं असतं. मोजणीबाईने सोमवार आणि मंगळवार सातवीच्या पोटात काढले. बॅटरीचा एकेक कप्पा उघडून तपासला. सगळे ठणठणीत. मोटर पाहिली, चाकांचे बेअरिंग फिरवून पाहिले, टायरची हवा पाहिली. कुठे वीज गळते आहे का ते पाहिलं. तिला एका जागी उभं राहवेना. खुर्चीत बसली की पाय हलायचा, उठली की हात. चहा गार व्हायचा, मग ती दुसरा मागवायची आणि तोही गार करायची. दोष सापडला असता तर ती आनंदाने रडली असती. दोष नव्हता, हीच तर पंचाईत होती.

ती शेड पूर्वी बर्फाच्या कारखान्याची होती. सहा वर्षांपूर्वी भावंडांनी ती भाड्याने घेतली तेव्हा कोपऱ्यातल्या भिंतींना अजून ओल होती. पहिली गाडी म्हणजे दूधवाल्याची जुनी व्हॅन. इंजिन काढून टाकलेली आणि पाठीत बॅटऱ्या कोंबलेली. ती एकोणीस किलोमीटर गेली तेव्हा लोक नाचले होते. दुसऱ्या दिवशी धाकट्याने ती उत्साहाच्या भरात फाटकावर नेऊन आदळली. त्यात व्हॅनचं नाक गेलं आणि धाकट्याचे दोन दात गेले. त्याच दुपारी भावंडांनी कंपनीचा पहिला नियम केला आणि फाटकाशेजारी पाटीवर लिहून टांगला : चाचणीची गाडी फक्त मामा चालवतील.

मामा म्हणजे त्यांच्या आईचा भाऊ. एकतीस वर्षं बस चालवून नुकताच निवृत्त झालेला, घरात बसून भिंतींशी भांडणारा. भाच्यांनी बोलावलं आणि मामा दुसऱ्या सकाळी हजर. तेव्हापासून मामांनी एक दिवस चुकवला नाही. दुसरी गाडी, तिसरी, पाचवी, सगळ्या मामांनी चालवल्या. एके काळी कंपनीत एक्केचाळीस माणसं झाली होती. मग एका बड्या कंपनीचे लोक आले, चार दिवस सगळं बघून गेले आणि सहा महिन्यांनी त्यांनी तशीच गाडी बाजारात आणली. तेव्हा माणसं गळायला लागली. आता नऊ उरली होती. त्या नवांत मामा होते, आणि पगाराचा विषय काढला की ते ऐकू न आल्यासारखं करत.

बुधवारी सकाळी मोजणीबाईने एक नवा मीटर आणून थेट बॅटरीला जोडला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. नियम मोडला, पण करते काय? शहराबाहेरचा नेहमीचा चाचणीचा रस्ता धरला. घाट चढली, उतरली, सिग्नलला थांबली, चार जणांना शिव्या दिल्या. नव्या मीटरच्या हिशेबाने गाडी जाणार होती एकशे एकाहत्तर. मग तिने वेल्डरला बसवला. त्याचा पाय जड. एकशे अठ्ठावन्न. दोघांच्याही वेळी समोरचा पडदा मात्र बिनधास्त दोनशे बारातून एकेक किलोमीटर वजा करत होता.

"आता मामा," ती म्हणाली.

"म्हणजे मीच ना? रोजचाच तर मी," मामा म्हणाले आणि गळ्याभोवतीचा रुमाल नीट करत बसले.

ती शेजारी बसली. सहा वर्षांत ती मामांच्या शेजारी फारशी बसली नव्हती. ती शेडमध्ये राहून आकडे घेई, मामा रस्त्यावर राहून किलोमीटर देत. आज तिने पहिल्यांदा आकड्यांकडे न बघता माणसाकडे बघितलं. पुढचा सिग्नल लाल होणार हे मामांना दोनशे पावलं आधी कळे आणि त्यांचा पाय अलगद उचलला जाई. गाडी आपल्या वेगाने घरंगळत तिथे पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होई. चढाच्या आधी ते थोडा वेग घेत, माथ्याच्या जरा अलीकडेच पाय काढून घेत. उकाडा असो की थंडी, ना एसी ना हीटर. चाळीस प्रवासी उभे असताना एकाचाही तोल जाऊ न देता एकतीस वर्षं बस हाकलेला तो पाय होता.

"मामा, तुम्ही ब्रेक लावतच नाही?"

"लावतो की. घरी पोचलो की."

नव्या मीटरने सांगितलं : दोनशे अकरा पूर्णांक आठ दशांश.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. सुरुवातीच्या गाड्यांत वीज मोजणारा मीटर नाठाळ होता. दर आठवड्याला वेगळं सांगायचा. मामांचे आकडे मात्र कसे, पावसाळा-उन्हाळा तेच. तेव्हा तिनेच, हो, तिनेच ठरवलं होतं की मीटर काढून टाकू आणि मामांच्या हजारो फेऱ्यांवरून पडद्याचा हिशेब बसवू. इतके किलोमीटर झाले म्हणजे इतकी वीज गेली, संपलं. बॅटरी केवढी बसवायची तेही त्याच आकड्यांवरून ठरलं. सहा वर्षं ती गाडी मोजते आहे असं समजत होती आणि प्रत्यक्षात मामांचा पाय मोजत होती. दोनशे बारा ही गाडीची धाव नव्हती. जगात फक्त एका माणसाला सातवी दोनशे बारा किलोमीटर नेत होती.

"काय झालं गं? तोंड का उतरलं?" मामांनी विचारलं. "दोनशे बारा आले ना?"

"आले," ती म्हणाली.

"मग झालं तर! गुणाची पोर आहे सातवी. तो हिशेबनीस उगाच नावं ठेवतो. नाचता येईना अंगण वाकडं."

मामांना सांगायला तिची जीभ रेटली नाही. या माणसाने आपलं उरलंसुरलं आयुष्य या गाडीला दिलं होतं, ते गाडी चांगली आहे म्हणून. चांगले आहात ते तुम्ही, गाडी बेताचीच आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

धाकट्याला मात्र तिने लगेच सांगितलं. तो ऑफिसात भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची होती, पण बसणं त्याला जमत नव्हतं. सगळं ऐकून तो आधी हसला, मग खिडकीशी गेला, मग दाराशी, मग परत खिडकीशी.

"म्हणजे गाडीत दोष नाही."

"दोष आपल्यात आहे. माझ्यात."

"गाडी दोनशे बारा जाते. मामा बसले तर जाते. खोटं नाही ते."

"नर्सेसच्या गाडीत मामा बसणार आहेत का?"

"गुरुवारी बसतील," तो म्हणाला. "उद्या मामाच चालवतील. रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर शेजारी बसतील, आकडा बघतील, सही करतील. मग गाड्या द्यायला आपल्याला पाच महिने आहेत. तेवढ्यात मोठी बॅटरी बसवू."

"मोठ्या बॅटरीने वजन वाढतं. वजनाने चाकं, ब्रेक, सगळं बदलतं. वर्ष लागेल, तुलाही माहीत आहे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

तो तिच्यासमोर येऊन थांबला. दोन खोटे दात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिला एकदम तो आठ वर्षांचा दिसला आणि तिचा जीव तुटला. "तुझं बरोबर आहे," तो हळू म्हणाला. "नेहमीच असतं. पण बरोबर राहून आपण बंद पडलो तर? नऊ माणसं आहेत बाहेर. वेल्डरच्या बायकोला दिवस गेलेत. मामा घरी बसले तर सहा महिन्यांत आजारी पडतील. उद्याचा एक दिवस गप्प बस. आयुष्यात एकदा तरी मोजू नकोस."

तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. धाकट्याने ते आपल्या सोयीने हो धरलं.

गुरुवारी मोठ्या सिस्टर दहाला येणार होत्या, पावणेदहाला आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हातात भलीमोठी बॅग. सगळ्या फिरत्या नर्सेस त्यांच्या हाताखाली होत्या आणि त्या सगळ्यांना त्या सरसकट 'माझ्या मुली' म्हणत. भिंतीवरचा रंगवलेला आकडा त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "भिंत नको, गाडी दाखवा."

मामा स्टिअरिंगवर, सिस्टर शेजारी, भावंडं मागे. मोजणीबाईच्या मांडीवर लॅपटॉप होता. नवा मीटर काढायला तिला वेळ झाला नव्हता, असं तिने धाकट्याला सांगितलं होतं. पुढच्या पडद्यावर एक आकडा आणि तिच्या मांडीवर दुसरा. मामा चालवत होते तोवर दोन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे हातात हात घालून चालले होते.

"मऊ चालते हो," सिस्टर म्हणाल्या. मामा लाजले.

धाकटा बोलत सुटला होता. चार्जिंग, गॅरंटी, सुटे भाग, पुढच्या वर्षी आठवी गाडी, त्यानंतर छोटी रुग्णवाहिका. तिला काही ऐकू येत नव्हतं. पाय इतका हलत होता की धाकट्याने शेवटी तिच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. दहा किलोमीटर. पंधरा. आता फक्त गप्प बसायचं. एवढं काय कठीण आहे? जग गप्प बसून मोठं होतं.

"एक सांगा," सिस्टर पडद्यावर बोट ठेवत म्हणाल्या. "आमच्या लांबच्या वस्त्यांकडे फोन लागत नाही. माझी मुलगी संध्याकाळी एकटी परत येते. तुमचा हा आकडा वीस म्हणाला, तर वीस जाईल ना? नक्की?"

"नक्की," धाकटा म्हणाला.

"नाही जाणार," मोजणीबाई म्हणाली.

धाकट्याचा हात तिच्या गुडघ्यावरून निघाला.

"हा आकडा यांचा आहे," ती मामांच्या पाठीकडे बघत म्हणाली. "सहा वर्षं गाडी फक्त यांनी चालवली. पडदा यांच्या पायावरून शिकलाय. मी चालवली तर एकशे एकाहत्तर जाते. आमचा वेल्डर चालवतो तर एकशे अठ्ठावन्न. हिशेबनीस तर रस्त्यातच अडकला, तेव्हा पडदा चव्वेचाळीस शिल्लक म्हणत होता. दोनशे बारा फक्त मामांना जाते. चूक माझी आहे. पण वीस म्हणाली तर वीस जाणार नाही."

मामांची मान जराशी वळली आणि परत सरळ झाली. मागून तिला त्यांचा फक्त कान दिसत होता आणि तो लाल झाला होता.

"ताई जरा जास्तच काळजी करते, सिस्टर," धाकटा म्हणाला. "थोडा फरक प्रत्येक गाडीत पडतो. पळसाला पानं तीनच. तुमच्या नर्सेसना मामा शिकवतील हवं तर, दोन दिवसांत..."

"माझ्या मुली दिवसभर पेशंट उचलतात," सिस्टरनी त्याचं बोलणं तोडलं. "उशीर झालेला असतो, पाठ दुखत असते. त्यांनी यांच्यासारखं चालवायचं, म्हणजे तुमची गाडी चालणार? असं नसतं." मग त्या मामांकडे वळल्या. "तुम्ही सांगा ड्रायव्हरसाहेब. तुमचा धंदा आहे हा. यातलं खरं काय?"

मोजणीबाईने डोळे मिटले. मामांनी नुसतं 'जाते हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. भाच्यासाठी त्यांनी याहून मोठ्या गोष्टी केल्या होत्या. सिस्टरचा त्यांच्यावर विश्वास बसला होता, हे तर उघड होतं.

मामांनी गाडी अलगद बाजूला घेतली आणि थांबवली. पट्टा काढला. "माझं सांगणं काय कामाचं?" ते म्हणाले. "मी कधी दुसऱ्याला चालवताना बघितलंच नाही. तुम्हीच बसा. तुमची मुलगी चालवेल तशी चालवा. संपेपर्यंत."

सिस्टरना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी आपली बॅग शेजारच्या सीटवर ठेवली. "इथे आमचं सामान असतं," म्हणाल्या. त्यामुळे मामांना मागे यावं लागलं आणि तिघं जण मागच्या सीटवर दाटीवाटीने बसले. मामा मधोमध, दोन्ही बाजूंना दोन भाचरं. लहानपणी बसच्या मागच्या बाकावर बसायची तशी. फक्त तेव्हा बस मामा चालवायचे.

एकवीस किलोमीटर झाले होते. सिस्टरनी आधी एसी लावला, मग काच अर्धी खाली केली, मग एसी वाढवला. गाडी अशी उडाली की मामांनी पुढच्या सीटची पाठ धरली. सिग्नलला त्या शेवटच्या क्षणी थांबत आणि सुटताना सगळ्यांच्या पुढे असत. वाईट चालवत नव्हत्या. घाईत असलेली माणसं चालवतात तशीच चालवत होत्या. मांडीवरचा आकडा पुढच्या आकड्यापासून सुटू लागला. आधी तीनने, मग नऊने, मग वीसने. तिघं जण मान लांबवून कधी पुढे बघत, कधी लॅपटॉपकडे. शंभर किलोमीटर झाले तेव्हा धाकटा म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. तिला खरोखरच झालं नव्हतं. उलटं, आणखी पाच किलोमीटर जाऊ दे, आणखी दहा, असा धावा चालला होता तिचा. चमत्कार झाला तर तिला चालणार होता.

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पण थोड्या वेळाने, एका चढावर, हळूच विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली मामा."

"कसली?"

"तुम्हाला वाईट वाटेल याची."

"वाटलंच," मामा म्हणाले. "पण ते काल वाटलं असतं तर रात्रीत पचलं असतं."

गाडी एकशे एकसष्टव्या किलोमीटरला थांबली. एका टायरच्या दुकानासमोर, भर दुपारी. समोरचा पडदा अजून एक्कावन्न म्हणत होता. तिघांनी उतरून ढकलत ती कडेला घेतली. सिस्टर आत बसून स्टिअरिंग वळवत होत्या आणि 'जोर लावा' म्हणत होत्या. दुकानातला माणूस हात पुसत बाहेर आला आणि पंक्चर कुठंय म्हणून विचारू लागला. धाकट्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो परत आत गेला.

सिस्टर उतरल्या. बॉनेटवर कोपर टेकून म्हणाल्या, "एकशे एकसष्ट."

"त्यातले पहिले एकवीस माझे," मामा म्हणाले. "ते धरू नका."

मोजणीबाईने हिशेब केला. "पूर्ण चार्जवर, फक्त तुमच्या हाताने, एकशे पंचावन्न."

"हा आकडा मला कागदावर द्या. आत्ता." सिस्टरनी बॅगेतून चष्मा काढला. "एकशे ऐंशीची फेरी होणार नाही, ते कळलं. माझ्या चाळीस फेऱ्या आहेत. एकशे पंचावन्नात कुठल्या बसतात ते बघते. दहा बसतील, अकरा बसतील, कदाचित वरचे लोक म्हणतील एकही नको. माझ्या हातात सगळं नाही."

"आणि नाही म्हणाले तर?" धाकट्याने विचारलं.

"तर नाही. पण पुढची गाडी आणाल तेव्हा मी स्वतः बघायला येईन. आजपर्यंत बंद पडलेल्या गाडीतून मला कुणी खरा आकडा दिला नव्हता."

हे काही चाळीस गाड्यांचं उत्तर नव्हतं. चारचंही नव्हतं. धाकटा थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. समोरून धूर ओकत गाड्या जात होत्या, एकामागून एक, निवांत. मग त्याने बहिणीच्या पिशवीतून चाचणीचा छापील कागद काढला, बॉनेटवर ठेवला आणि स्वतःच्या हाताने भरू लागला. तारीख. गाडी सातवी. अंतर. एक लिहिला, पाच लिहिला, दुसरा पाच लिहिताना पेन उमटेना, त्याने ते झटकलं आणि परत गिरवला. तळाशी 'चालक' म्हणून जागा होती. असे हजारो कागद शेडमध्ये होते आणि त्या जागी प्रत्येकावर मामांची तीच वळणदार सही होती. सवयीने त्याने पेन मामांपुढे धरलं.

मामांनी हात मागे घेतला. "चालवली यांनी," ते म्हणाले. "सही यांची."

सिस्टरनी सही केली, कागदाची घडी घालून बॅगेत टाकली आणि घड्याळ बघून रिक्षा शोधायला निघून गेल्या. भावंडं आणि मामा टोइंगच्या ट्रकची वाट बघत दुकानाच्या पायरीवर बसले. धाकटासुद्धा बसला. मोजणीबाईला हायसं वाटायला हवं होतं. सिस्टरची कुठलीही 'मुलगी' अंधारात रस्त्यात अडकणार नव्हती, आणि हे तिच्यामुळे झालं होतं. पण तिच्या डोक्यात उद्याचा हिशेब चालू होता. उद्यापासून नियमाची पाटी काढावी लागणार, गाडी नऊच्या नऊ माणसांना चालवायला द्यावी लागणार, बाहेरचेही लोक आणावे लागणार, घाईतले, दमलेले, जड पायाचे. तरच पडद्यावरचा आकडा खरा होईल. आणि तो खरा व्हायचा तर एका माणसाचे सहा वर्षांचे सगळे आकडे तिने आपल्या हाताने पुसायचे होते.

ट्रक लांबून दिसला. मामा उठले, पँटची धूळ झटकली, रुमाल गळ्याभोवती नीट केला.

"मग मी उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने त्याच्याकडे. ट्रक येऊन थांबला, त्याचा ड्रायव्हर खाली उतरला, साखळी ओढू लागला, आणि मामा अजून उत्तराची वाट बघत उभे होते.

"साडेसातला," मोजणीबाई म्हणाली. कशासाठी, ते तिला माहीत नव्हतं.